होडी सुटण्याआधी

आम्ही नवी मुंबईतल्या बेलापूर खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या बचत गटाच्या बाया. मागच्या वेळी आम्ही सुक्या मासळीच्या वाळवणीबद्दल बोललो होतो. ते ऐकून एका गटाने विचारलं, "नौदलाच्या सहा मुली शिडाच्या होडीतून सगळ्या जगाला फेरी मारून आल्या म्हणतात. एवढ्या लांब निघताना त्या काय काय बघून निघाल्या असतील?"

प्रश्न आम्हाला फार आवडला. कारण लोक होडी कुठे गेली ते विचारतात, ती निघाली कशी ते कुणी विचारत नाही. आणि आमचा अनुभव असा, की होडीचं बरं-वाईट अर्धंअधिक किनाऱ्यावरच ठरलेलं असतं. म्हणून आज आम्ही शिडाची होडी थंडीच्या मोसमात लांबच्या प्रवासाला कशी तयार करतात ते सांगणार आहोत. आमच्या कोळीवाड्यातली रीत आणि त्या मुलींच्या 'तारिणी' होडीची गोष्ट, दोन्ही बरोबर सांगू.

आधी तारिणीची ओळख. ही भारतीय नौदलाची शिडाची होडी. लांबी सुमारे ५५ फूट, डोलकाठी एकच. बांधली गोव्यात. तिची थोरली बहीण 'म्हादेई', तीही गोव्यातच दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली. म्हादेईवरून कॅप्टन दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईतून एकटे निघाले आणि १९ मे २०१० ला परत आले. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी हीच फेरी वाटेत कुठेही न थांबता केली. ते १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला पोचले. दोघेही निघाले आमच्या समोरच्याच पाण्यातून, मुंबई बंदरातून.

मग आल्या या सहा जणी. होडीच्या प्रमुख वर्तिका जोशी. त्यांच्याबरोबर प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, एस. विजयादेवी आणि पायल गुप्ता. यातल्या सगळ्या काही समुद्रकाठी वाढलेल्या नव्हत्या. विजयादेवी मणिपूरच्या, प्रतिभा हिमाचलच्या डोंगरातल्या. त्यांना शिकवलं दिलीप दोंदे यांनीच. १० सप्टेंबर २०१७ ला त्या गोव्यातून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. अंतर सुमारे २१,६०० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १ किलोमीटर ८५२ मीटर. म्हणजे जवळजवळ ४०,००० किलोमीटर झाले.

आता पहिली तयारी. ती होडीची नाही, दिवसांची आहे.

आमच्याकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. पावसात समुद्र खवळलेला असतो आणि मासळीचा तो विणीचा काळ असतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मग होड्या बाहेर काढायच्या, ही रीत. जुन्या काळी माल वाहणाऱ्या फत्तेमाऱ्या दसरा-दिवाळी झाल्यावर दक्षिणेला मलबारकडे जायच्या. तेव्हा पाऊस सरलेला, आभाळ मोकळं आणि वारा उत्तरेकडचा. शिडाच्या होडीला वाऱ्याशी भांडून चालत नाही. वारा ज्या महिन्यात आपल्या बाजूचा, त्या महिन्यात निघायचं.

तारिणीचंही असंच होतं, फक्त अंतर मोठं. तिला पृथ्वीच्या पार दक्षिणेकडच्या समुद्रातून जायचं होतं. दक्षिण अमेरिकेचं शेवटचं टोक आहे, त्याला केप हॉर्न म्हणतात. तिथला समुद्र जगातल्या सगळ्यात अवघड समुद्रांपैकी एक. आता गंमत बघा. आपल्याकडे थंडी असते तेव्हा पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्या भागात उन्हाळा असतो. आपली संक्रांत येते तेव्हा केप हॉर्नला दिवस मोठे आणि रात्री लहान असतात. गारठा तेव्हाही असतोच, पण त्यातल्या त्यात ऊब तेव्हाच. तिथल्या हिवाळ्यात गेलं तर काळोख लांब आणि वादळं जास्त. म्हणून सप्टेंबरात गोवा सोडायचं, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड करत जानेवारीत केप हॉर्नला वळसा घालायचा, आणि फॉकलंड बेटं आणि दक्षिण आफ्रिका करत मे महिन्यात, आपला पावसाळा लागायच्या आत, घरी यायचं. तारिणीने जानेवारी २०१८ मध्येच ते टोक ओलांडलं. दोन्ही टोकांचे ऋतू जुळवून मधला रस्ता आखला होता.

पण पंचांग आखलं तरी निसर्ग त्याप्रमाणे चालेलच असं नाही. पुढे २०२४ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोघीच जणी तारिणीवरून २ ऑक्टोबरला निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. त्या वर्षी मान्सून मुंबईत २६ मे लाच येऊन ठेपला होता. म्हणून हिशेबात चार दिवस नेहमी हाताशी ठेवायचे.

दुसरी तयारी, होडीचा तळ बघणं.

पाण्यावर असताना होडीचा अर्धा भाग दिसतच नाही. आणि बिघाड होतो तो न दिसणाऱ्या भागातच. म्हणून होडी वर काढावी लागते. आमच्याकडे हे काम भरती-ओहोटीच्या जोरावर होतं. भरतीला होडी काठाकडे आणायची, ओहोटीला पाणी उतरलं की ती चिखलावर बसते, मग काम सुरू.

भरतीची वेळ काढायचा जुन्या माणसांचा हिशेब आहे, तो मुलींनाही शिकवा. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. मुंबई बंदराला हा हिशेब अंदाजे बरोबर बसतो, खाडीत आत भरती थोडी उशिरा येते. आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी सगळ्यात वर चढतं. पण उधाणाच्या टोकाला होडी फार वर नेऊन बसवलीत, तर ती परत पाण्यात ढकलायला पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस वाट बघावी लागते. नव्या माणसाच्या हातून हे एकदा तरी होतंच.

होडी वर आली की पहिल्यांदा खरवडायचं. पाण्यात राहून तळाला शेवाळ आणि टणक पांढऱ्या कवचाचे बारीक जीव घट्ट चिकटलेले असतात. हात फिरवला तर कापतो. त्यांच्यामुळे होडी जड होते, वारा असूनही पुढे सरकत नाही. ते काढल्यावर खरा तळ दिसतो.

लाकडी होडी असेल तर फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकून भरतात, वरून लुकण लावतात. पूर्वी मुशीच्या कलेजाचं तेल काढून लाकडाला पाजायचे. त्याचा वास आठवला तरी आमच्यातल्या म्हाताऱ्या अजून नाकाला पदर लावतात. पण त्याला कारण होतं. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. दिसायला अळीसारखा, पण जातीने शिंपल्याचा भाऊबंद. बाहेरून टाचणीएवढं भोक, आणि आत फळी जाळीसारखी झालेली. तेल, डामर, रंग हे सगळं त्याला बाहेर ठेवण्यासाठी.

म्हादेई आणि तारिणीच्या अंगाला लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लासचा थर आहे. त्याला अळी लागत नाही, पण थर आतल्या आत सुटू शकतो. तो ओळखायचा उपाय आपल्या रोजच्याच ओळखीचा. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना? तसंच लाकडी हातोडीने अंगभर हलके ठोके मारत जायचं. आवाज खणखणीत आला तर ठीक. मध्येच बद्द आवाज आला तर तिथे आत पोकळी किंवा ओल आहे, खडूने खूण करायची. सगळ्या होडीवर असं ठोकत फिरायला दिवस जातो. पण समुद्रात हा दिवस मिळत नाही.

मोठ्या होडीच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोकं असतात. इंजिन थंड करायला पाणी आत घ्यायचं एक, मोरीचं पाणी बाहेर सोडायचं एक, असं. प्रत्येकाला तोटी असते. तोटी गंजली किंवा नळी सुटली तर समुद्र सरळ आत येतो. म्हणून प्रत्येक भोकाजवळ त्याच मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवतात. पाणी आलं की अंधारात शोधाशोध नको, हात घालायचा आणि खुंटी ठोकायची. काही रुपयांची खुंटी, पण ती जागेवर पाहिजे. थेंबे थेंबे तळे साचे, हे पैशाला खरं तसं गळक्या होडीलाही खरं.

तिसरी तयारी डोलकाठी, दोर आणि शीड यांची.

डोलकाठीला चहूबाजूंनी तारा ओढून उभं धरलेलं असतं. पोलादी तारेचा एक धागा तुटला की तिच्यावरचा भार बाकीच्यांवर जातो, मग दुसरा तुटतो. पहिला तुटलेला धागा नजरेला दिसत नाही. म्हणून सुती फडकं घेऊन तारेवरून फिरवायचं. धागा तुटला असेल तिथे फडक्याचा दोरा अडकतो. हात फिरवायचा नाही, बोट फाटतं.

शिडाचा शत्रू वारा असं सगळ्यांना वाटतं. पण वाऱ्याआधी ऊन त्याला खातं. आणि कापडाच्याही आधी शिवण जाते. तुमच्यातल्या शिलाई करणाऱ्यांना हे सांगायला नको. उन्हात वर्षभर टांगलेल्या पडद्याचं कापड धड असतं, पण दोरा ओढला की तुटतो. शीड जमिनीवर पसरून शिवणीशिवणीवर नख फिरवायचं. दोरा कुजला असेल तर पूर्ण शिवण नवी घालायची. शीड जिथे रोज तारेला किंवा काठीला घासतं तिथे आधीच दुहेरी ठिगळ द्यायचं. फाटल्यावर नाही, फाटायच्या आधी.

आणि दोर. दोराबद्दल आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एकीने होडीच्या डागडुजीसाठी कर्ज घेतलं. आम्ही सगळ्यांनी आनंदाने दिलं. रंग झाला, इंजिनाचं काम झालं, जाळ्याचे पैसे जरा जास्त गेले. नांगराचा दोर तेवढा जुनाच राहिला. दिवाळी होऊन गेली होती. आदल्या संध्याकाळी ती होडीवर डबा आणि पाण्याचे कॅन ठेवायला गेली. दोराची वेटोळी बाजूला सारताना तिच्या हाताला पांढरा भुगा लागला. प्लॅस्टिकचा दोर उन्हाने जळला की असा भुगा सुटतो. ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, नांगराचा दोर बदला. हाताला भुगा लागतोय." ते म्हणाले, "ही एक फेरी निभावेल. आल्यावर बघू."

खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. ओहोटी चालू होती, पाणी बाहेर ओढत होतं. नांगर टाकला, होडी क्षणभर थांबली आणि दोर तुटला. होडीत ते आणि त्यांचा धाकटा भाऊ. दोघे रात्रभर वाहत राहिले. इकडे आम्ही सगळ्या जणी तिच्या ओटीवर बसून होतो. ती रडत नव्हती. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी सांगितलं होतं." पहाटे दुसऱ्या होडीला ते दिसले, त्यांनी ओढून आणलं. दोघे धड आले. पण त्या रात्रीनंतर ती आम्हाला जे म्हणाली ते आम्ही विसरलो नाही. ती म्हणाली, "बघायचं काम माझं. पण 'थांबा' म्हणायचा हक्क माझा नाही."

मैत्रिणींनो, याच एका वाक्यासाठी आज आम्ही बोलायला बसलो आहोत. ते पुढे पुरं करू. आधी उरलेली तयारी.

चौथी तयारी खाण्यापिण्याची. हे काम आपलं, म्हणून ते सोपं आहे असं कुणी समजू नये. गोव्याहून ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल हा तारिणीचा पहिला टप्पा. १० सप्टेंबरला निघून त्या २३ ऑक्टोबरला पोचल्या, ४३ दिवस. आता आपण हिशेब करू. एका माणसाला प्यायला आणि शिजवायला दिवसाला ३ लिटर पाणी धरलं, तर ६ माणसांना १८ लिटर. त्याला ४३ ने गुणा, ७७४ लिटर झाले. शिवाय उशीर होईल म्हणून वरचं. आजूबाजूला सगळं पाणीच, पण घोटभर पिता येत नाही. समुद्राचं पाणी प्यायलं तर ते मीठ बाहेर टाकायला शरीरातलंच पाणी जातं आणि माणूस जास्त सुकतो. लांबच्या होड्यांवर खाऱ्या पाण्यातून मीठ काढायचं यंत्र असतं, पण यंत्र बंद पडू शकतं. म्हणून सगळं पाणी एका टाकीत ठेवायचं नाही. एक टाकी फुटली किंवा नासली तरी दुसरी उरली पाहिजे. आपणही सगळे पैसे एकाच डब्यात ठेवत नाही.

खाण्यात तांदूळ, डाळी, पीठ हे आलंच. म्हैसूरला संरक्षण खात्याची खाद्य प्रयोगशाळा आहे, ती फक्त गरम करून खाता येईल असं टिकाऊ जेवण तयार करते. आमची माणसं मात्र सुकट, तांदळाची भाकरी आणि लोणचं यावर निघतात. सामान भरताना एक नियम: जड वस्तू खाली आणि मध्यावर, म्हणजे होडी कलंडत नाही. आणि कुठे काय ठेवलं ते वहीत लिहायचं. अंधारात, हेलकाव्यात मिठाची पुडी शोधणाऱ्याला ती वही देवासारखी वाटते.

गॅसची शेगडी असेल तर जास्त जपायचं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, खाली साचतो. घरात निदान दार उघडता येतं. होडीचा तळ म्हणजे बंद भांडं, तिथे साचलेला गॅस एका ठिणगीने पेटतो. म्हणून वापर झाला की शेगडीबरोबर सिलिंडरचीही तोटी बंद करायची. हे तुमच्या स्वयंपाकघरालाही लागू आहे.

औषधांच्या पेटीत जखमेचं सामान, तापाच्या गोळ्या, उलटीची औषधं, साखर-मिठाच्या पाण्याची पाकिटं हवीत. बाया जाणार असतील तर पाळीचं सामानही यादीत पहिल्या पानावर हवं. ४३ दिवसांत पाळी दोनदाही येऊ शकते. हे लाजून यादीबाहेर ठेवलं, तर मधल्या समुद्रात दुकान नाही.

पाचवी तयारी जिवाची. जितकी माणसं तितकी जीवरक्षक जाकिटं, आणि ती अंगावर, गाठोड्यात नाही. मोठ्या शिडाच्या होडीवर छातीला पट्टा बांधून तो होडीला अडकवतात. माणूस लाटेने फेकला गेला तरी होडीपासून सुटत नाही. रात्री एकट्याने वर जायचं तर आधी पट्टा अडकवायचा. मोबाईल किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर मुका होतो, म्हणून वायरलेस आणि संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र चालू आहे का ते निघण्यापूर्वी बघायचं. आणि घरी राहणाऱ्या बायांनी तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. होडी वेळेवर आली नाही तर सकाळची वाट न बघता फोन करावा. त्या रात्री आमच्यापैकी कुणालाही हा नंबर माहीत नव्हता.

सहावी आणि शेवटची तयारी म्हणजे छोटी फेरी. सगळं नवं केलं आणि सरळ लांबच्या प्रवासाला निघालं, असं शहाणा तांडेल करत नाही. आधी खाडीत फिरून यायचं. सुकलेलं लाकूड पाण्यात फुगेपर्यंत थोडं पाणी घेतंच, पण नंतर ते थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर परत वर काढायची. त्या सहा जणींनी हेच केलं. २०१६ मध्ये म्हादेईवरून त्या मॉरिशसला जाऊन आल्या. तारिणी फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात आली, तेव्हा पुन्हा तिच्यावरून मॉरिशस केलं. होडी कुठे कुरकुरते, कोणती दोरी अडते, आपल्यातली कोण कशात हुशार, हे सगळं जवळच्या पाण्यात शिकून घेतलं आणि मग दूर गेल्या.

एवढी तयारी करूनही बिघाड होत नाही असं नाही. परतीच्या वाटेवर तारिणीच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. ठरलेली बंदरं चार होती, पण त्यांनी मॉरिशसला होडी वळवली, दुरुस्ती केली आणि मग गोव्याकडे निघाल्या. घर समोर दिसत असताना थांबायचं ठरवणं सोपं नसतं. लोक स्वागताला उभे राहणार असतात. तरी त्या थांबल्या. आम्हाला त्या सगळ्या प्रवासातली ही गोष्ट फार मोठी वाटते.

आणि इथेच आमचं मघाचं वाक्य पुरं होतं. तारिणीवर ज्यांनी दोर तपासला, ज्यांनी शिडाला टाका घातला, त्यांच्याच हातात निर्णय होता. बघणारी आणि ठरवणारी वेगळी नव्हती. आमच्याकडे बघणारी एक आणि ठरवणारा दुसरा. डबा आम्ही भरतो, कर्ज आम्ही आणतो, मासळी आम्ही विकतो, हप्ता आम्ही फेडतो. होडीत काय कमी आहे ते आम्हाला दिसतं. पण "आज नको" हा शब्द आमच्या तोंडून निघाला की तो अपशकुन ठरतो.

त्या रात्रीनंतर आम्ही गटात एक ठराव केला. होडीच्या डागडुजीसाठी कर्ज हवं असेल तर आधी यादी. यादीत पहिलं जाकिटं, दुसरं नांगर आणि दोर, तिसरं तळ, चौथं इंजिन, मग जाळं, आणि शेवटी रंग. पैसे कमी पडले तर खालून कापायचं, वरून नाही. आणि होडी सुटायच्या आदल्या दिवशी घरातली बाई आणि तांडेल दोघांनी मिळून यादी वाचायची. दोघांची सही झाली तरच कर्जाचा शेवटचा हप्ता मिळतो. पहिल्या वर्षी पुरुष माणसं हसली. "आता बाया आम्हाला दर्या शिकवणार," असं म्हणाली. आम्ही म्हटलं, दर्या तुम्हीच शिकवा, आम्ही फक्त वही वाचतो. दुसऱ्या वर्षी एका घरी सुनेने सही केली नाही, जाकिटं दोन होती आणि माणसं तीन. सासऱ्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी जाकीट आलं आणि होडी गेली. आता यादी वाचल्याशिवाय कुणी विचारतही नाही.

तुमच्या गावात होडी नसेल. पण दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणारी कुटुंबं असतील. सहा महिन्यांचं बिऱ्हाड गाडीवर चढतं, तोही लांबचाच प्रवास. गाडीचे दिवे, पोरांची औषधं, पाण्याचा पिंप, गरोदर बाईची कागदपत्रं, मुकादमाशी ठरलेला हिशेब, हे सगळं निघायच्या आधी कोण बघतं? आणि काही कमी दिसलं तर "थांबा" कोण म्हणू शकतं? विहिरीवरची मोटर, यात्रेची जीप, शाळेची सहल, सगळीकडे हाच प्रश्न आहे.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. तुमच्या गावातलं एक जोखमीचं काम निवडा. त्याची यादी सगळ्यांनी मिळून लिहा, जिवाची गोष्ट वर आणि शोभेची खाली. शेवटी एक ओळ जास्त लिहा: यातलं काही कमी असेल तर आज निघायचं नाही, आणि हे सांगायचा अधिकार अमुक एका बाईला आहे. तिचं नाव लिहा. नाव लिहिलं की ती बघताना जास्त नीट बघते, आणि बाकीचे ऐकताना जास्त नीट ऐकतात.

आमच्या त्या मैत्रिणीचं नाव आमच्या वहीत पहिलं आहे. दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी ती सगळ्या होड्यांवर जाते, नांगराचा दोर हातात घेते आणि तळवा उघडून बघते, भुगा लागला का. यंदा एका होडीवर लागला. तो दोर त्याच दिवशी बदलला.

तुमची यादी झाली की आम्हाला कळवा, पुढच्या वेळी आपण ती सगळ्यांना वाचून दाखवू. नमस्कार.